उताराचा माणूस

माझा काका तिबुर्सिओ लाया साठ वर्षं आराउका नदीच्या काठी जगला, आणि त्यातली शेवटची तीस वर्षं त्यानं नदीत पाऊल घातलं नाही. अंघोळ विहिरीवर. घोड्याला पाणी पाजायचं तर दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचा. गावातल्या बायका म्हणायच्या, म्हातारा पाण्याला भितो. मी त्यांच्याशी कचाकचा भांडायचे. तुमचे नवरे गुडघाभर पाण्यात देवाचं नाव घेतात, आणि माझ्या काकाला नावं ठेवता? तेव्हा मला काही माहीत नव्हतं. माहीत नसलेलं माणूस फार जोरात भांडतं.

काका उताराचा माणूस होता; उतार म्हणजे नदी ओलांडायची जागा. आमच्याकडे गुरं पाचशे-हजारांनी चालतात आणि नदी आडवी आली की मालक, मुकादम सगळे गप्प बसतात, बोलतो तो उताराचा माणूस. पाणी कुठं खोल, वाळू कुठं फसवी, मगर कुठं ऊन खात पडलीय, हे त्यानं सांगायचं. आणि कारिबे. तळहाताएवढा मासा, पण रक्ताचा वास लागला की झुंडीनं येतो आणि कॉफी उकळायच्या आत जनावर हाडापर्यंत साफ करतो. म्हणून कळप पाण्यात घालण्याआधी उताराचा माणूस एखादा म्हातारा, लंगडा बैल निवडतो, त्याच्या पुठ्ठ्यावर सुरी ओढतो आणि प्रवाहाच्या खालच्या अंगाला त्याला नदीत ढकलतो. मासे तिकडं धावतात, कळप वरून पार होतो. त्याला आम्ही रक्ताचा बैल म्हणतो.

याचे दोन नियम आहेत. बैल आपल्याच डागाचा, म्हणजे आपल्या वाडीची खूण डागलेला, द्यायचा. दुसऱ्याचं जनावर घालून आपलं राखलं तर तिथंच सुऱ्या निघतात. आणि बैल मागं फिरतो. दोन चावे बसले की त्याला काठ आठवतो. अशा वेळी उताराच्या माणसानं पराणी घेऊन काठावर उभं राहायचं आणि त्याला परत आत रेटायचं. तो वर आला तर मासे मोकळे होतात आणि कळपाकडं वळतात. ज्याला हे जमत नाही त्यानं दुसरा धंदा बघावा.

मेरेय नावाच्या गुरांच्या वाडीवर काका आणि त्याचा धाकटा भाऊ नासारिओ, म्हणजे माझा बाप, दोघंही कामाला होते. काका अबोल, बाप तोंडाळ. घोड्यावरून पडला तरी पडता पडता कुणाची तरी थट्टा करायचा म्हणे. लढाई सुरू झाली आणि राजाचे शिपाई वाडीवर आले. त्यांना घोडे हवे होते. घोडे लपवले होते ते कुठं, हे कुणी सांगेना, म्हणून त्यांनी गुराख्यांना ओळीनं बसवलं आणि कान कापायला सुरुवात केली. कापलेला कान टोपीच्या पट्ट्यात खोचायचे. मुकादमानं शिवी दिली, त्याला दारातल्या खांबाला बांधून खांबासकट जाळलं. मेलितोन नावाचा गुराखी एका कानावर सुटला, कारण तेवढ्यात त्यांना घोडे सापडले. ते गेल्यावर मेरेयच्या माणसांनी राखेतून पराण्यांची लोखंडं वेचली, ठोकून पाती केली आणि ती माणसं राजाविरुद्ध उठलेल्या बासिलिओ अराकेकडे गेली.

त्याला आम्ही ताइता म्हणतो. ताइता म्हणजे बाप. पुढं तो देशाचा अध्यक्ष झाला, नोटांवर त्याचं चित्र आलं, पण तेव्हा तो एक अनवाणी गुराखी होता आणि त्याला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. लढाईचं त्याचं सगळं शास्त्र गुरांवरून आलेलं. "माणूस काय आणि ढोर काय," तो म्हणायचा, "पुढचा चालला की मागचा चालतो. म्हणून मी पुढं." आणि तो खरंच पुढं असायचा. दुसरे सेनापती टेकाडावर बसून दुर्बिणीतून बघतात. हा भाला दातात धरून पहिला पाण्यात शिरायचा. सहाशे स्वारांची नावं त्याला पाठ होती आणि सहाशे घोड्यांचीही. मीठ मिळालं तर आधी जखमींना. मांस भाजलं की शेवटचा तुकडा त्याचा. त्याच्यासाठी माणसं हसत मेली, हे मी नाकारत नाही. पण हसत मेली की नाही हे मेलेल्यांना कुणी विचारलेलं नाही.

मातानेग्राच्या माळावर राजाचे आठशे शिपाई तळ टाकून होते. आमच्याकडे दारूगोळा नव्हता, तर ताइतानं काय केलं? वाऱ्याचा वास घेतला. चाळीस रानटी घोड्या धरून आणल्या, त्यांच्या शेपट्यांना चरबीत भिजवलेली कातडी बांधली, कातड्यांना आग लावली आणि घोड्या तळावर सोडल्या. छातीएवढं वाळलेलं गवत. आग एका बाजूनं आली आणि दुसऱ्या बाजूला आमचे लोक भाले टेकून उभे होते. जळणारी माणसं गवतातून पळत बाहेर यायची, आमच्यांनी त्यांना टोचायचं, एवढंच काम. काहींच्या काडतुसांच्या पट्ट्या अंगावरच फुटल्या. माझा बाप त्या दिवशी ओकला. काका ओकला नाही, नंतर दोन दिवस जेवला नाही. हे मेलितोननं मला सांगितलं. कापलेल्या कानावर हात ठेवून बोलायची त्याची खोड होती.

त्यानंतर बाप काकाबरोबर दोन दिवसांसाठी घरी येऊन गेला, त्याचा पुरावा मी. निघताना माझी आई रुफिना बापाशी बोललीच नाही. ती काकाच्या घोड्याचा लगाम धरून उभी राहिली.

"भावजी, मी देवाकडं काही मागत नाही. त्याच्याकडं सगळा देश मागतोय, माझी पाळी कधी यायची? मी तुमच्याकडं मागते. हा मला परत आणून द्या."

"आणतो," काका म्हणाला.

"शपथ?"

"आणतो म्हटलं ना, रुफिना."

"अगं, मी काय पोतं आहे, आणायला-न्यायला?" बाप मागून ओरडला. कुणी हसलं नाही.

सहा महिन्यांनी, कोरड्या दिवसांत, ताइताची फौज गार्सासच्या उतारावर अडकली. पलीकडच्या काठावर राजाच्या दोन तोफा आणि तीनशे बंदुका, आणि मागून दोन हजारांची दुसरी फौज येत होती. उतरलो नाही तर मधे चिरडले जाऊ, हे घोड्यांनासुद्धा कळलं होतं. वरच्या अंगाला झाडीत एक वळण होतं, तिथून घोडे पोहून नेता आले असते. पण तोफांची तोंडं तिकडं फिरली तर पाण्यात एकही वाचला नसता. सकाळी ताइतानं काकाला बोलावलं. तो बैलाच्या कवटीवर बसून मांस खात होता.

"बस, तिबो. खा."

"खाल्लं, ताइता."

"खोटं बोलू नकोस, तुझं पोट इथवर ऐकू येतं. घे." त्यानं आपल्या हातातलंच दिलं. "मला एक सांग. सहाशे डोक्यांचा कळप वरच्या वळणानं उतरवायचा. किती वेळ लागेल?"

"घोडे असले तर पाव तास. जरा वरच."

"आणि मासे?"

"मासे खाली न्यायचे. रक्ताचा बैल घालायचा."

"एक पुरेल?"

काका हसला. उताराबद्दल कुणी असं काही विचारलं की तो मोकळा व्हायचा, बिचारा. "एक? या महिन्यात? पाणी आटलंय, मासे उपाशी आहेत. बारा घाला, ताइता, बारा. त्याच्या खाली मी तुमचं एक वासरू उतरवणार नाही."

"बारा," ताइता म्हणाला. त्यानं हात मांडीला पुसले. "बरं. मग बारा निवड."

"गुरं कुठायत?"

"गुरं नाहीत, तिबो. मासे पलीकडं आहेत. दोन तोफा आणि तीनशे बंदुका."

काकाला समजायला वेळ लागला. तो मंद नव्हता, पण तोंडातून गेलेला आकडा परत घेता येणार नाही हे त्याला आधी कळलं आणि बाकीचं मागून.

"ताइता, मी बैलांचं बोलत होतो."

"मला ठाऊक आहे. म्हणून तर विचारलं. माणसांचं विचारलं असतं तर तू मला खरं सांगितलं असतंस का?" ताइता उठला. "नियम तुला माहीत आहेत. आपल्या डागाचे द्यायचे. मी माझ्या गावचे दिले असते, पण माझ्या गावचे मातानेग्राच्या आधीच संपले. मेरेयचे किती उरलेत?"

"एकोणीस."

"उन्हं डोक्यावर यायच्या आत."

मेरेयची एकोणीस माणसं वाळूत उभी राहिली आणि काका त्यांच्यापुढून चालला. काम काय, ते ताइतानं स्वतः सांगितलं, काही लपवलं नाही. खालच्या उतारानं पाण्यात शिरायचं, मधल्या वाळूच्या पट्ट्यावर चढायचं, आरडाओरडा करायचा. मागं फौजेबरोबरच्या बायका उरल्यासुरल्या घोड्यांना फांद्या बांधून धूळ उडवतील, म्हणजे सगळी फौज इथूनच येतेय असं त्यांना वाटेल. "तोफा तुमच्याकडं राहिल्या पाहिजेत," तो म्हणाला, "मी शिंग वाजवेपर्यंत." मग त्यानं काकाला बाजूला नेऊन आणखी काहीतरी सांगितलं, ते कुणाला ऐकू आलं नाही.

काकानं गुराख्याच्या नजरेनं निवडलं. दुसरी नजर त्याच्याकडं नव्हती. ज्याची जखम सडली होती तो. ज्याला ताप होता तो. ज्याचा घोडा लंगडत होता तो. मेलितोनसमोर थांबला आणि पुढं गेला. का, हे मेलितोनला मरेपर्यंत कळलं नाही आणि त्या न कळण्यानं तो दारू प्यायला लागला. अकरा झाले. काका ओळीच्या टोकाला पोचला, तिथं माझा बाप उभा होता. काका परत फिरला, ओळीच्या सुरुवातीला आला, पुन्हा चालला.

"बारावा मी," तो म्हणाला.

"उताराचा माणूस पाण्यात जात नाही," ताइता म्हणाला. आवाज चढवला नाही. "तो काठावर राहतो. बारावा सांग."

निवडलेले अकरा जण बापाकडं बघत नव्हते. ते काकाकडं बघत होते. आपला बैल मागं ठेवून दुसऱ्यांचे पाण्यात घालणाऱ्या माणसाकडं आमच्यात जसं बघतात, तसं.

"बैलबाजारात एवढा वेळ लावलास तर शेवटी गाढव पदरात पडतं, तिबो," माझा बाप म्हणाला. तो हसत होता. "घे माझं नाव आणि मोकळा हो."

"नासारिओ लाया," काका म्हणाला. पूर्ण नाव, परक्या माणसाचं घेतात तसं.

मला हे मेलितोननं मी चौदा वर्षांची असताना सांगितलं आणि लगेच माझ्या तोंडावर हात ठेवला. आईला सांगायचं नाही. मी सांगितलं नाही. त्या दिवसापासून काकाचा मला राग आला आणि कीवही आली, आणि ताइताचा नुसताच राग आला.

पुढचं मेलितोननं वरच्या वळणावरून, पाण्यात पोहताना, घोड्याच्या मानेआडून पाहिलं. बारा जण खालून शिरले, शिव्या देत, भाले नाचवत. काका त्यांच्या मागं काठावर भाला घेऊन उभा होता. पहिला गोळा आला आणि एका घोड्याचं डोकं गेलं. घोडा तसाच दोन हात पुढं पोहला. दुसऱ्या गोळ्यानं दोन माणसं एकदम. मग पाणी लाल झालं आणि मासे आले. आमच्या भोळसट बायका म्हणतात, वीर गोळ्या झेलून गेले. गोळ्यांनी पाच गेले असतील. बाकीच्यांच्या भोवती पाणी गुळाच्या काहिलीसारखं उकळत होतं आणि माणसं घोड्यांच्या पाठीवर चढून उभी राहात होती, घोडे खालून खाल्ले जात होते. एक जण वाळूच्या पट्ट्यावर पोचला. त्याला गुडघ्याखाली पाय नव्हते. तरी तो भाला हलवत ओरडत राहिला, या रे, या, अजून या! तोफा त्यांच्याकडंच राहिल्या.

मग शिंग वाजलं. ताइता वरच्या अंगानं पहिला काठावर चढला, नागडा, अंगावर फक्त चिखल. तोफांची तोंडं फिरवायला त्यांना सवडच मिळाली नाही. ताइतानं तोफवाल्याला तोफेच्या चाकाशी खिळवलं आणि भाला तिथंच सोडून त्याचीच तलवार उचलली. सहाशे घोडे बाजूनं आले आणि तीनशे बंदुकवाले अशा गर्दीत सापडले की बंदूक उभी धरायला जागा नाही. ज्यांनी पळ काढला त्यांना माळावर मागून टोचलं. ज्यांनी बंदुका टाकल्या ते शंभरावर होते. ताइतानं त्यांना गुडघ्यावर बसवलं आणि विचारलं, "माझे बारा कुठं आहेत? एक तरी दाखवा, सगळ्यांना सोडतो." कोण काय दाखवणार? नदीत टोप्या तरंगत होत्या. ताइतानं अंगठा खाली केला.

दुपारपर्यंत ते काम चाललं. काका सगळ्यात शेवटी नदी ओलांडून आला आणि त्यानं जे केलं ते पाहून आमच्याच माणसांनी तोंडं फिरवली. एका म्हाताऱ्या ढोलवाल्यानं ढोल पुढं धरून दया मागितली. काकानं ढोलातून भाला घातला. भाला मोडल्यावर तो दगड घेऊन पुढच्याकडं गेला. शेवटी ताइतानंच त्याला मागून कवेत धरून थांबवलं आणि दोघं रक्तात बसकण मारून रडले. ताइता बारा जणांची नावं घेऊन रडला, एकेकाच्या घोड्याचंही नाव घेऊन. मग डोळे पुसून त्यानं मांस भाजायला सांगितलं, कारण मागची फौज यायची होती आणि माणसं उपाशी होती. लोक म्हणतात, असा सेनापती होणे नाही. खरं आहे. तो नसता तर सहाशेच्या सहाशे त्या काठावर कापले गेले असते, हेही खरं आहे. दोन्ही खरं आहे म्हणून तर माझी आग आग होते.

काका घरी आला तेव्हा आईला आठवा महिना होता. ती उखळात मका कांडत होती.

"एकटेच?"

"एकटाच. गोळी लागली. वाळूच्या पट्ट्यावर. लगेच गेला."

आईनं मुसळ उचललं आणि त्याच्या खांद्यावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज शेजारणीनं ऐकला. काका हलला नाही. "अजून एक मार," तो म्हणाला. आईनं मुसळ टाकलं आणि तिथंच खाली बसली. दुसऱ्या दिवशी मोडक्या खांद्यानं तो आमचं छप्पर शाकारत होता.

तो गुरांच्या गोठ्यात राहिला, आमच्या घरात कधी झोपला नाही. कातड्याचे दोर वळायचा. दहा कोसांत तसे दोर कुणी वळत नसे. मला घोड्यावर बसायला त्यानं शिकवलं, वाचायला पाद्रीकडं पाठवलं. आई नऊ वर्षं त्याच्याशी थेट बोलली नाही. काका समोर बसलेला असायचा आणि आई मला म्हणायची, "तुझ्या काकाला सांग, जेवण निवतंय." त्यालाही मी निरोप दिल्याशिवाय घास घ्यायचा नाही. मोठमोठे मालक उतारासाठी बोलवायला यायचे, तो मान हलवायचा. दारूच्या गुत्त्यात एकदा कुणीतरी म्हणालं, गार्सासचे बारा मूर्ख. काकानं त्याचं तोंड बाकाच्या कडेवर आपटलं, तीन वेळा, शांतपणे, आणि घरी येऊन दोर वळायला बसला.

लढाई संपून देश आमचा झाला आणि ताइता अध्यक्ष झाला. गार्सासच्या लढाईनंतर वीस वर्षांनी तो पुन्हा तिथं आला, बारा नावांचा दगड उभारायला. मी वीस वर्षांची होते. आई आली नाही. काका म्हणाला, मीही येत नाही. मग सकाळी घोड्यावर खोगीर टाकून तयार. मीच त्याला म्हटलं होतं, बापाचं नाव दगडावर आहे, तू नाही आलास तर मी कुणाबरोबर उभी राहू?

ताइता जाड झाला होता. काळा कोट, चकचकीत बूट, आणि बूट त्याला चावत होते हे प्रत्येक पावलाला दिसत होतं. पण त्यानं बोलायला तोंड उघडलं आणि माळावरचे सगळे म्हातारे एका दमात ताठ झाले. "या बारा जणांना कुणी निवडलं नाही," तो म्हणाला. "ते स्वतःहून पुढं आले." मेलितोन माझ्या शेजारी होता. त्यानं जमिनीवर थुंकून ती थुंकी पायानं पुसली.

भाषण झाल्यावर ताइता गर्दीतून सरळ काकाकडं आला. वीस वर्षांत भेट नाही, तरी नाव विसरला नव्हता. त्यानं काकाला मिठी मारली आणि मी इतकी जवळ होते की मला त्याच्या कोटाच्या कापराचा वास येत होता.

"सहाशे पलीकडं नेले म्हणून मला अध्यक्ष म्हणतात, तिबो," तो हळू म्हणाला. "ते नेता आले, कारण खालचा काठ तू धरलास. मी रात्रंदिवस हे आठवतो. काय देऊ तुला?"

"काही नको, ताइता."

"काहीतरी माग रे."

"मला पुन्हा बोलावू नका," काका म्हणाला. ताइतानं मान डोलावली. त्याचे डोळे भरले होते, आणि मला सांगायला राग येतो, पण ते खोटे नव्हते.

परतीच्या वाटेवर दुपारच्या उन्हात मी घोडा काकाच्या घोड्याला आडवा घातला.

"काठ धरला म्हणजे काय?"

"म्हणजे धरला."

"कशासाठी? पुढं शत्रू, पाण्यात आपली माणसं. मागं काठावर भाला घेऊन कुणासाठी उभा होतास?"

"कासिल्दा, घोडा काढ."

"माझा बाप वाळूच्या पट्ट्यावर गोळीनं मेला. तूच सांगितलंस."

"हो. मीच सांगितलं."

मी घोडा काढला नाही. काकानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"दोघं मागं फिरले," तो म्हणाला. "वर आले असते तर पलीकडच्यांना कळलं असतं की मागं फौज नाही, नुसती धूळ आहे. पहिला बेनितो कारा. त्याच्याकडं मी बघितलंच नाही. दांड्यानं छातीत दिलं, गेला. दुसरा घोड्याची शेपटी धरून येत होता. घोडा मधेच संपला, मग पोहत आला. तोंडावर नुसता चिखल आणि रक्त. त्यानं काठाच्या मुळ्या धरल्या. मी पातं टेकवलं. इथं." त्यानं आपल्या गळ्याच्या हाडाखाली बोट ठेवलं.

"मग?"

"त्यानं एक हात मुळीवरून काढला आणि तोंड पुसलं. चांगलं पुसलं, पार कानापर्यंत. आणि माझ्याकडं बघून हसला. म्हणाला, 'अरे, मी आहे, तिबो. नासारिओ.' त्याला वाटलं, मी ओळखलं नाही."

घोड्यांनी माश्या झटकल्या. मग काका पुढं बोलला.

"मी म्हटलं, 'माहीत आहे.' आणि रेटलं."

घरी पोचलो तेव्हा आई दारात उभी होती. काका घोडा सोडायला गोठ्याकडं गेला. आईनं माझ्याकडं बघून विचारलं, "काय म्हणाला ताइता?"

"म्हणाला, सगळे स्वतःहून पुढं गेले."

"तसाच होता माझा नासारिओ," आई म्हणाली.